खांडीवरचं तोरण

वैशाखात दुपार कलली की डोंबिवलीला खाडीकडून वारा सुटतो. त्याला एक वास असतो. सुकलेल्या चिखलाचा, थोडा मिठाचा, थोडा कुजलेल्या पानांचा. आमच्या चाळीतल्या बायका लगेच खिडक्या लावून घेतात. मी लावत नाही. मी खिडकीशी उभी राहते आणि मला राग येतो. वाऱ्यावर कुणी रागावतं का, असं आमच्या घरी विचारतात. मी म्हणते, वाऱ्यावर नाही हो, वाऱ्याबरोबर जे येतं त्याच्यावर.

परवा अशीच उभी होते, तर शेजारच्या कुसुमवहिनी लगबगीनं आल्या. त्या आमच्या महिला मंडळाच्या चिटणीस. चाळींच्या मागे एक जुनं तळं आहे. पूर्वी म्हणे त्यात कमळं होती. आता नव्या इमारतींचे पाये खणतात आणि ती माती रात्रीतून तळ्यात येऊन पडते. एका कडेला तर माती, विटांचे तुकडे आणि बाजारातला कचरा यांचा उतारच झालाय. तळं वाचवायचं तर गाळ काढायला हवा, काठ बांधायला हवा. नगरपालिकेकडे पैसे नाहीत, म्हणून मंडळानं मुंबईच्या एका ट्रस्टकडे अर्ज केला. अर्ज मीच लिहिला. मला अशा अर्जांचा अनुभव आहे हे कुणीतरी सगळीकडे सांगून ठेवलंय.

"अहो, ट्रस्टचे लोक रविवारी येतायत," वहिनी म्हणाल्या. "मी काय म्हणते, ती घाणेरडी कड आहे ना, तिथे कनात लावून टाकू. पायऱ्या धुऊन घेऊ. रांगोळी मी काढते."

"मग ते पैसे कशाला देतील? कनातीला?"

"असं काय करता? पाहुण्यांना घाण दाखवायची का?"

हा प्रश्न मी आधी एकदा ऐकला होता. शब्द जवळजवळ हेच होते, बोली तेवढी वेगळी होती.

तेव्हा मी कोलशेतच्या शाळेत शिकवत होते. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती, माझं लग्न व्हायचं होतं आणि मी ठाण्याला नानामामाकडे राहत होते. माजिवड्यापर्यंत टांगा मिळाला तर मिळाला, पुढे पायी. दोन्हीकडे भातखाचरं, मग आंब्याची झाडं, मग खाडीचा तो वास आणि मग गाव. गाव आगऱ्यांचं. कुणी भात पिकवायचं, कुणी मिठागरात जायचं, कुणी मासे धरायचं, आणि बरीचशी घरं हे तिन्ही करायची. भातशेती आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा, खाडीच्या बाजूनं दगड लावलेला एक लांबलचक बांध होता. बांधाच्या अलीकडे गोडी जमीन, पलीकडे खारं पाणी. बांधाबाहेर चिखलात तिवरांचं दाट बन होतं. लाटांचा जोर ते बन आपल्या अंगावर घ्यायचं आणि बांधापर्यंत पाणी येई ते दमून, मुकाट.

होतं, म्हणते मी. लढाईच्या काळात सरपणाचा तुटवडा पडला तेव्हा कुणा कंत्राटदारानं ते बन तोडून मचव्यांतून, म्हणजे शिडाच्या मोठ्या होड्यांतून, नेलं. कुणाची परवानगी, कुणाचा मक्ता, गावाला शेवटपर्यंत कळलं नाही. ठाण्या-मुंबईच्या चुली त्यावर पेटल्या असतील, आमचीही पेटली असेल. बन गेल्यावर दोन पावसाळ्यांत बांधाची दगडी बाजू ढासळली आणि तिसऱ्यात बांधाला खांड पडली. खांड म्हणजे बांध फुटून पडलेलं भगदाड.

वैशाख हा बांधाचा महिना. मला तो महिना अजून अंगावर जाणवतो. सकाळी शाळा भरायच्या आधीच बांधावर माणसं रांगेनं दिसायची. प्रत्येक घरानं माणूस द्यायचा अशी पद्धत होती. ज्याच्या घरी माणूस नाही त्यानं भाकऱ्या द्यायच्या. पुरुष खोऱ्यांनी चिखल कापायचे, बायका पाट्या भरून डोक्यावरून न्यायच्या. ओला चिखल कानामागून मानेवर ओघळायचा आणि उन्हानं तिथेच सुकायचा. कुणी गाणं म्हणायचं, कुणी कुणाच्या सासूची नक्कल करायचं. त्या चिखलाला गार वास यायचा. माझ्या वर्गातली मुलं अर्धी तिथेच असायची आणि हजेरीच्या वेळी मी बांधावर जाऊन हाका मारायची. मला त्याचं फार कौतुक वाटायचं. आता वाटतं, कौतुक करायला काय जातं. चिखलाची डागडुजी दरवर्षी आणि दरवर्षी श्रावणात ती वाहून जाणार, याला कौतुकानं काय होतंय?

खांडीच्या अगदी समोर जानायचं घर होतं. जानाय पन्नाशीची, विधवा, अंगानं काटक, आवाजानं खणखणीत. मुलगा मिठागरात कामाला. अंगणात तिच्या सासऱ्यानं खणलेली विहीर होती. खाडीच्या इतक्या जवळ असून त्या विहिरीचं पाणी शहाळ्यासारखं गोड. कसं काय ते देव जाणे. गावात बाकी विहिरी होत्या, पण त्यांचं पाणी मचूळ. म्हणून कोलशेतला कुणाकडेही पाहुणा येवो, पहिला गूळ आणि पहिला तांब्या जानायच्या अंगणातून जायचा. नवरी सासरी आली की उंबरा ओलांडण्याआधी तेच पाणी प्यायची. जानायचा सगळा मान त्या विहिरीत होता. ती स्वतः ते बोलून दाखवायची नाही, पण सकाळी रहाटाशी उभी राहून कुणाची घागर आधी भरायची हे ती ठरवायची, तेव्हा दिसायचं.

"बाय," ती मला एकदा म्हणाली, "भात गेला तं एक साल उपास. ही गेली तं कं करायचा?"

खांड दगडानं बांधून काढायची आणि बाहेर पुन्हा तिवरं लावून ती राखायची, एवढंच काम होतं. दगड समोरच पारसिकच्या डोंगरात, आणायला मचवे गावचेच, हात गावचेच. विकत घ्यायचा तो फक्त दगड, आणि त्याचे पैसे नव्हते. कचेरीत गेलो तर म्हणाले, बांध खासगी आहे. जमिनीच्या मालकाकडे गेलो तर म्हणाले, बांध गावकीचा आहे. इतक्या लोकांनी इतक्या वर्षांत जो नाकारला तो बांध बिचारा उभा कसा राहिला याचंच मला नवल वाटतं.

तेव्हा नानामामानं ट्रस्टची गोष्ट काढली. नानामामा ठाण्याच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेला. त्याला कागद लिहायची हौस आणि लिहिलेला कागद मोठ्यानं वाचायची त्याहून जास्त. मुंबईत दानशूर मंडळींचे बरेच ट्रस्ट होते. शाळांना देत, दवाखान्यांना देत, देवळांना देत. आम्ही दोघं एकेक पत्ता मिळवून अर्ज करत सुटलो. त्या उन्हाळ्यात मी किती जिने चढले असतील. कोटातल्या, म्हणजे मुंबईच्या फोर्टातल्या, त्या थंडगार इमारती, पितळी मुठींची दारं, पंख्याखाली बसलेले मुनीम. आणि प्रत्येक ठिकाणी तोच संवाद.

"हे कोणत्या खात्यात येतं? शिक्षण?"

"नाही."

"आरोग्य? धर्म? अनाथ?"

"बांध आहे तो. समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून."

"हो, पण कोणत्या खात्यात?"

जमीन, पाणी, झाड या गोष्टींना खातंच नव्हतं. ज्यांच्या जिवावर शाळा, दवाखाना आणि देव हे तिन्ही उभे राहतात, त्यांना दानधर्मात जागा नव्हती. माणूस आजारी पडला तर त्याला औषध मिळेल, पण तो आजारी पडू नये म्हणून पाणी गोडं राहायला हवं असं म्हटलं की समोरचा माणूस घड्याळ बघायचा. एका ठिकाणी तर मला फार गोड आवाजात विचारलं, "बाई, दात्याच्या नावाची शिळा कुठे बसवाल?" मी म्हटलं, बांधावर बसवू. ते म्हणाले, तिथे कोण वाचणार? मी म्हटलं, खेकडे. नानामामानं मला कोपरानं ढोसलं. तो अर्ज तिथेच संपला, हे सांगायला नको.

शेवटी नानामामानंच तोड काढली. बांधावर एक वेताळाचा धोंडा होता, शेंदूर फासलेला. नानामामा म्हणाला, "जीर्णोद्धार म्हण. वेताळाच्या देवळाचा जीर्णोद्धार आणि त्या अनुषंगाने परिसराची दुरुस्ती. धर्माच्या खात्यात अलगद बसतं बघ." युक्ती मला पटली. गावात सांगितली तर सगळे माझ्याकडे बघतच राहिले. जानायनं समजावलं. त्या वेताळाला छप्पर चालत नाही. त्याला उघड्यावर बसून खाडी बघायची असते. छप्पर घातलं तर त्याला पाणी येताना कसं दिसणार? नानामामा म्हणाला, कागदावर घालू, खरं नको घालायला. त्यावर गावातलं एक म्हातारं माणूस शांतपणे म्हणालं, "देवाचे नावान खोटा नको." नानामामानं अर्ज तिथेच फाडला.

एका ट्रस्टनं मात्र नकार दिला नाही. त्यांचे सेक्रेटरी स्वतः जागा बघायला येतो म्हणाले. साधे, पांढऱ्या कपड्यातले गृहस्थ. बोलायला अतिशय सज्जन. ते दुष्ट असते तर माझा राग केव्हाच संपला असता. वैशाख संपता संपता त्यांनी दिवस कळवला. मी गावात निरोप दिला आणि निक्षून सांगितलं, खांड आहे तशी राहू द्या. या वर्षी ती अजून बुजवलेली नाही हे बरंच झालं. त्यांनी ती डोळ्यांनी बघू दे. सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्या दिवशी सेक्रेटरींना घेऊन मी आणि नानामामा टांग्यानं निघालो. वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण होतं. रस्त्यावर सडा. पुढे गेलो तर बांधाच्या वाटेवर दोन्ही बाजूंना चुन्यानं रंगवलेले दगड मांडलेले. आणि खांड? खांड नव्हतीच. शाळेला सुट्टी होती ते दोन दिवस आणि दोन रात्री अख्खं गाव राबलं होतं. चिखल, पेंढा, फांद्या, जे मिळेल ते कोंबून त्यांनी ती बुजवली होती आणि वरून हातानं सारवून गुळगुळीत केली होती. त्यावर दोन बांबू रोवून झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. खाली घोंगडी अंथरली होती, पाहुण्यांना बसायला.

मी जानायला बाजूला ओढलं. "काय केलंत हे?"

"मंग?" ती म्हणाली. "पावन्याला चिखलानशी चालवायचा? घान दाखवायची?"

बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती. गळ्यात, नाकात, हातात होतं नव्हतं ते सगळं घातलं होतं. ज्यांच्याकडे नव्हतं त्यांनी शेजारणीचं मागून घातलं होतं. एकीच्या कानातलं तर मी आदल्या आठवड्यात दुसरीच्या कानात बघितलं होतं. कुणाच्याही घरी पाहुणा आला तर गाव असंच करायचं. यात लबाडी काहीच नव्हती. पाहुण्याला आपलं दुःख दाखवणं हा त्यांच्या लेखी पाहुण्याचा अपमान होता. आपल्यात कुणाकडे गेलं की "बसा, बसा, सगळं ठीक आहे" म्हणतात ना, तसंच. फक्त त्यांनी ते तोंडानं म्हणायच्या ऐवजी खोऱ्यानं म्हटलं होतं.

सेक्रेटरी बांधावर उभे राहिले. खाडीवरून वारा येत होता. ओहोटी होती आणि पाणी दूर चमकत होतं. "फारच सुंदर जागा आहे," ते म्हणाले. मी सांगायचा प्रयत्न केला की हे सगळं परवापर्यंत फुटलेलं होतं, हा नुसता चिखल आहे, श्रावणातल्या उधाणाला एक तास टिकायचा नाही. ते ऐकत होते. पण त्यांचे डोळे माझ्या बोलण्यापेक्षा झेंडूच्या माळांकडे जास्त होते. मग जानाय गूळ आणि पाणी घेऊन आली. घासून लखलखीत केलेला तांब्या. सेक्रेटरींनी घोटभर घेतलं, थांबले, मग सगळा तांब्या संपवला.

"वा. असं पाणी मुंबईत नाही मिळत."

जानायच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजही विसरलेले नाही. विहीर खणणाऱ्या सासऱ्यालाच जणू कुणी शाल पांघरली.

त्यांचं उत्तर ज्येष्ठाच्या सुरुवातीला आलं. नानामामानं ते नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर आवाज खाली आणला. बांध चांगल्या स्थितीत आहे. ग्रामस्थ सुखवस्तू आणि स्वावलंबी दिसले. पिण्याचं पाणी उत्तम आहे. त्यांच्या एकजुटीचं अभिनंदन. अधिक गरजू स्थळांचा विचार करावा लागत असल्यानं दिलगीर आहोत.

अधिक गरजू. या दोन शब्दांवर मी किती रात्री तळमळले. म्हणजे माणसानं आधी बुडायला हवं. बुडाल्यावर, पोट फुगून वर आल्यावर, कुणी सुस्कारा टाकून म्हणणार की हा आता गरजू झाला. वाचवायचं म्हणजे बिघडण्याआधी वाचवायचं, ही साधी गोष्ट आहे. पोरगं विहिरीत वाकलं की आपण ओरडतो, पडायची वाट बघत नाही. पण झाड, पाणी, जमीन यांच्या बाबतीत सगळी शहाणी माणसं पडायची वाट बघत हात बांधून उभी असतात, आणि पडल्यावर पाकीट काढतात. त्यातही जो केविलवाणं तोंड करून समोर बसेल त्याला आधी. ज्याला स्वच्छ राहायची सवय आहे, ज्यानं अंगण सारवलंय, त्याचा नंबर शेवटी. गरिबीनं घाणेरडंच असावं असा यांचा आग्रह का? कोलशेतच्या बायकांनी त्या दिवशी फाटकी लुगडी नेसून केस मोकळे सोडून बसायला हवं होतं का? मला गावावरही राग होता, खोटं कशाला बोलू. तोरणं काढून टाकावीत, माळा तोडाव्यात असं त्या दिवशी वाटलंच होतं. पण तो राग टिकला नाही. दुसरा अजून आहे.

मधूनच आज कुसुमवहिनींचा आवाज येतो. खाली अंगणात त्या कुणाला तरी कनातीचं भाडं विचारतायत.

श्रावणातल्या अमावास्येला उधाण आलं. भर दुपारी. मी वर्गात कविता शिकवत होते. बाहेर पाऊस नव्हता, ऊन पडलं होतं. पाणी गर्जना करत येतं असं मला वाटायचं, तसं काही झालं नाही. खिडकीशी बसलेला मुलगा उठून उभा राहिला आणि नुसता बोट दाखवत राहिला. हिरव्या भातातून काळसर पाणी पसरत येत होतं, सांडलेलं दूध लादीवर पसरावं इतकं सावकाश. माणसं बांधाकडे पळत होती. जानाय पळत नव्हती. ती विहिरीच्या कठड्याला धरून उभी होती. ओंजळीनं तिनं कठड्याभोवती चिखल लिंपायला सुरुवात केली. आम्ही आठ-दहा जणी जाऊन लिंपायला लागलो. पाणी आमच्या घोट्यांवर आलं, मग पोटऱ्यांवर, मग कठड्याच्या दगडांमधल्या फटींतून अगदी हळू आत उतरलं. आत पडताना त्याचा आवाज झाला. तेवढाच आवाज मला त्या दिवसाचा आठवतो.

भात करपलं. विहीर पुढे कितीदा उपसली तरी पाणी खारटच येत राहिलं. जमिनीतूनच येत होतं ते. कुणी म्हणालं चार पावसाळे जातील, कुणी म्हणालं ती आता गेलीच. घागरी घेऊन बायका शेजारच्या ढोकाळी गावाला जायला लागल्या. रहाटाशी सकाळी कुणी नसायचं. जानाय तरी रोज तिथे उभी राहायची, सवयीनं.

कुठल्याशा वर्तमानपत्रात बुडालेल्या शेताचा फोटो आला. आणि पुढच्या चैत्रात त्याच ट्रस्टचं पत्र आलं की आपल्या गावाच्या हानीविषयी वाचून अत्यंत दुःख झालं, सेक्रेटरी पुन्हा भेट देऊ इच्छितात. नानामामा म्हणाला, "आता आपलं काम झालं समज." मी त्याला म्हटलं, मामा, आपलं काम नाही झालं, आपलं कल्याण झालं.

आधी शेवट सांगून टाकते, कारण तो सांगताना माझा तोल जातो आणि तो मला शेवटी जायला नको आहे. ट्रस्टनं पैसे दिले. आपत्तीग्रस्तांना पिण्याचं पाणी, हे खातं त्यांच्याकडे होतं. गावाच्या नाक्यावर त्यांनी पाणपोई बांधून दिली. संगमरवरी, कमानीची. दात्याच्या मातोश्रींचं नाव मोठ्या अक्षरात, रस्त्यावरून वाचता येईल असं. पाणपोईत पाणी कुठून येणार हे कुणीच विचारलं नव्हतं. तेव्हा कोलशेतच्या बायका ढोकाळीहून आपल्या घरच्या घागरींबरोबर पाणपोईसाठीही एक घागर आणायला लागल्या. नाक्यावरची पाणपोई कोरडी ठेवणं गावाला बरं दिसत नव्हतं. बांध मात्र चिखलाचाच राहिला. आता ऐकते तिकडे कारखान्यांच्या भिंती उठतायत. त्यांचे पाये दगडाचेच असतील.

तर ती दुसरी भेट. या वेळी मी आदल्या संध्याकाळीच गावात जाऊन राहिले. तोरण नको, माळा नकोत, लुगडी रोजची. सगळ्यांनी ऐकलं. ऐकण्याइतके ते थकलेही होते. सकाळी उजाडताना मी जानायच्या अंगणात आले, तर ती डोक्यावर कळशी घेऊन वाटेनं येत होती. ढोकाळीहून. पाहुण्यासाठी गोडं पाणी.

मला ते बघवलं नाही. "जानाय, ते त्यांना द्यायचं नाही. विहिरीचं द्यायचं. त्यांनी ते चाखायला हवं. नाहीतर पुन्हा लिहितील, पाणी उत्तम आहे म्हणून."

तिनं कळशी उतरवली. "माजे दारान आयलेल्या मानसाला मी खारा पानी देऊ?"

"हो. एकदा दे. तुझ्या विहिरीसाठी दे."

"नाय बाय," ती म्हणाली. रागावून नाही. "विहीर गेली. आता यो पन घालवू?"

'यो' म्हणजे 'हा'. पण हा म्हणजे काय ते तिनं सांगितलं नाही. मला कळलं. मी तावातावानं पुष्कळ बोलले. व्यवहार शिका, म्हणाले. ती ऐकत तांब्या घासत होती. राखेनं, नारळाच्या शेंडीनं. मग तिनं दुसरा तांब्या घेतला आणि तोही घासला. दोन्ही सारखे लखलखीत केले. माझं लक्ष नव्हतं, मी बोलत होते.

सेक्रेटरी आले. खांड उघडी होती. ते तिथे बराच वेळ उभे राहिले आणि त्यांनी डोळे पुसले. ते खरंच पुसले, नाटक नव्हतं. मग अंगणात घोंगडीवर येऊन बसले. जानाय डोक्यावर पदर घेऊन आली. तिनं गूळ ठेवला आणि तांब्या ठेवला. ते प्यायले आणि अगदी सहज, चांगुलपणानं म्हणाले, "अजून गोड आहे की."

मी तोंड उघडणार होते. जानायनं माझ्याकडे बघितलं नाही. ती उठली, रहाटावरून विहिरीचं पाणी काढलं आणि दुसरा तांब्या भरून आणला. तो तिनं पहिल्याच्या शेजारी ठेवला. सेक्रेटरींनी हात पुढे केला, तर तिनं तांब्यावर आपला तळहात झाकण घातल्यासारखा ठेवला.

"तुमचा तो," ती म्हणाली. "यो आमचा."

आणि तो खारा तांब्या तिनं उचलून तोंडाला लावला. त्यांच्या समोर बसून, सावकाश, न थांबता, शेवटच्या थेंबापर्यंत. तोंड वाकडं केलं नाही. डोळे त्यांच्यावर होते. सेक्रेटरींनी आपल्या हातातल्या तांब्याकडे बघितलं आणि तो खाली ठेवला. त्यात अर्धं पाणी होतं. मग ते उठले आणि टांग्यात जाऊन बसले. पाणपोई देणारे लोक आणि ते एकच होते का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आत्ताच मी खाली जाऊन आले. कुसुमवहिनींना म्हटलं, रांगोळी जरूर काढा, मोठी काढा, मीही येते रंग भरायला. पायऱ्याही धुऊ. पाहुणा आहे, त्याचं त्याला मिळालं पाहिजे. पण कनात लावायची नाही. त्या म्हणाल्या, मग ती घाण दिसेल. मी म्हटलं, दिसू दे. ती आपली आहे.

वर येऊन मी फळीवरचे दोन तांबे काढले आणि घासायला बसले.